पशुखाद्यांतील भेसळ आणि एक खटला

आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं गाय-म्हैस आहे, त्यांनीं सरकीच्या पेंडीचें अगर तयार खुराकाचें पोतें पाहिलेंच असेल. पोत्यास लावलेल्या चिठ्ठीवर प्रथिनांचें प्रमाण शेंकडा अमुक, असें छापलेलें असतें. तो आंकडा वाचून आम्ही पैसे मोजतों; पण तो खरा कीं खोटा, हें जनावरास सांगतां येत नाहीं व आम्हांस डोळ्यांनीं दिसत नाहीं. तेव्हां हा आंकडा काढतात कसा, हें प्रथम पाहूं.

इ. स. १८८३ मध्यें कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञानें एक रीत शोधून काढली. नमुना तीव्र गंधकाम्लांत उकळावयाचा, त्यांतील नत्राचा अमोनिया करावयाचा, व तो मोजावयाचा. प्रथिनांत नत्र सरासरीनें शेंकडा १६ असतें. म्हणून नत्राच्या वजनास ६.२५ नें गुणिलें कीं प्रथिनांचें वजन मिळतें. (६.२५ कोठून आले, हें विद्यार्थ्यांनीं स्वतः भागाकार करून पाहावें.) रीत उत्तम आहे व अद्यापि चालू आहे. परंतु ती प्रथिन मोजीत नाहीं, नत्र मोजते. आणि तें नत्र कोठून आलें हें ती विचारीत नाहीं.

लबाडांनीं नेमकें हेंच हेरलें. मेलामाइन हा एक पांढरा पदार्थ आहे. न फुटणाऱ्या ताटल्या करण्यास तो वापरतात. त्याच्या वजनाचा दोनतृतीयांश भाग नत्र असतें. एक किलो मेलामाइन खाद्यांत मिसळलें, तर परीक्षेंत चार किलोंहून अधिक प्रथिन घातल्यासारखें दिसतें!

मार्च २००७ मध्यें उत्तर अमेरिकेंत एका कारखान्यानें कुत्र्यामांजरांच्या खाद्याचे सुमारें सहा कोटी डबे व पाकिटें परत मागविलीं. तें खाऊन जनावरांचीं मूत्रपिंडें निकामी होत होतीं. मृत्यूंचा नक्की आंकडा कोणासच ठरवितां आला नाहीं. माग काढतां काढतां तपास चीनहून आलेल्या ग्लूटेनपर्यंत, म्हणजे कणकेंतील चिवट प्रथिनापर्यंत, पोंचला. पण तें ग्लूटेन नव्हतेंच! साधें गव्हाचें पीठ होतें, व त्यांत मेलामाइन आणि त्याच जातीचे पदार्थ होते. मेलामाइन व सायन्यूरिक आम्ल एकत्र आलीं कीं मूत्रपिंडांत न विरघळणारे स्फटिक बनतात.

फेब्रुवारी २००८ मध्यें अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें दोन चिनी कंपन्या, माल आयात करणारी केमन्यूट्रा कंपनी व त्यांचे चालक यांवर आरोप ठेवण्यांत आले. माल ८०० टनांहून अधिक, खेपा निदान १३. येथें दोन निरनिराळे अपराध आहेत, हें ध्यानांत घ्यावें. भेसळ ही मालांत असते. खोटें नांव हें चिठ्ठींत असतें. साधें पीठ ग्लूटेन म्हणून विकलें, तर त्यांत विष नसतांहि दुसरा अपराध घडतोच. आयातदारांनीं २००९ मध्यें दोन्ही अपराध कबूल केले, पण हलक्या प्रतीचे. त्यांत लबाडीचा हेतु सिद्ध करावा लागत नाहीं. २०१० मध्यें कंपनीस २५,००० डॉलर व दोघां मालकांस प्रत्येकीं ५,००० डॉलर दंड झाला. आम्हांस हा दंड फारच थोडा वाटतो. जनावरांच्या मालकांनीं लाविलेल्या दिवाणी दाव्यांत मात्र २००८ मध्यें २ कोटी ४० लक्ष डॉलरांची तडजोड झाली. चिनी आरोपींना अमेरिकेंत आणतां येईना. दोन देशांत तसा करारच नाहीं.

त्याच २००८ सालीं चीनमध्यें हीच युक्ति पाणी घातलेल्या दुधांत उघडकीस आली. सुमारें तीन लक्ष बालकें आजारी पडलीं व सहा दगावलीं.

अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यांत अन्न म्हणजे मनुष्याचें अथवा इतर प्राण्यांचें, अशी व्याख्या आहे. म्हणून तो खटला उभा राहूं शकला. आपल्या २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पशुखाद्य अन्नाच्या व्याख्येंतून वगळलें आहे. गाईचें दूध त्या कायद्याखालीं येतें. गाईच्या पुढ्यांतली पेंड येत नाहीं.