चार लांब काठ्या, सहा आक्रमक

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन भरले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट येणार, ही बातमी आपण सर्वांनी आनंदाने वाचली. त्याच निर्णयात लॅक्रॉस या खेळाचेही नाव होते. ते मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटले. उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा हा जुना खेळ. टोकाला जाळी असलेल्या काठीने रबरी चेंडू झेलायचा, फेकायचा आणि सहा फूट रुंद, सहा फूट उंच गोलात मारायचा. ऑलिंपिकसाठी निवडलेला प्रकार सहा-सहा खेळाडूंचा आहे. प्रस्तुत लेखात मात्र अमेरिकेतील महाविद्यालयीन पुरुष संघांच्या दहा-दहा खेळाडूंच्या खेळाचा, त्यातही आक्रमणाचा विचार करावयाचा आहे.

ऑफसाइडच्या नियमाने प्रत्येक संघाला आपल्या बाजूस जास्तीत जास्त सात व समोरच्या बाजूस जास्तीत जास्त सहा खेळाडू ठेवता येतात. त्यामुळे सहा आक्रमकांसमोर सहा बचावपटू आणि गोलरक्षक असा सामना जुळतो.

खरी मेख आहे काठीच्या लांबीत. आखूड काठी ४० ते ४२ इंचांची, तर लांब काठी ५२ ते ७२ इंचांची असते. लांब काठीवाला दुरूनच आक्रमकाच्या काठीवर टोला मारून चेंडू पाडू शकतो. परंतु गोलरक्षक वगळता एका संघाला एका वेळी चारच लांब काठ्या वापरता येतात. आम्हा वाणिज्यवाल्यांच्या भाषेत हा मर्यादित भांडवलाचा प्रश्न झाला. सामान्यतः तीन लांब काठ्या आघाडीच्या तिघांवर आणि चौथी मधल्या फळीतील सर्वांत धोकादायक खेळाडूवर खर्च होते. उरलेल्या दोघांसमोर आखूड काठीचे बचावपटू उभे राहतात.

आक्रमणाचा हिशेब इथूनच सुरू होतो. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आखूड काठीवाल्याला चकवून गोलाकडे धावणे. तो मागे पडला की शेजारचा बचावपटू मदतीला सरकतो. तो सरकताच त्याचा स्वतःचा आक्रमक मोकळा होतो. चेंडू तिकडे किंवा आणखी एक पास पुढे पोहोचवायचा. दुहेरी नोंदीप्रमाणे एका बाजूची मदत दुसऱ्या बाजूला तूट दाखवतेच.

दुसरी युक्ती जागा बदलण्याची. लॅक्रॉसमध्ये गोलाच्या मागेही खेळता येते. मधल्या फळीतील आक्रमक तिथे गेला, की त्याच्यावरील आखूड काठीवाल्यालाही सवय नसलेल्या जागी जावे लागते.

तिसरी युक्ती आडोशाची. लांब काठीने वेढलेल्या उत्तम आक्रमकाजवळ सहकारी येऊन स्थिर उभा राहतो. बचावपटूंनी माणसे बदलली, तर हवी ती जोडी मिळते, म्हणजेच उत्तम आक्रमकासमोर आखूड काठी. न बदलली, तर क्षणभराची मोकळीक मिळते.

काही संघ प्रतिपक्षाच्या नामांकित खेळाडूला चेंडूच मिळू देत नाहीत. अशा वेळी तो शहाणा खेळाडू आपल्या पाठराख्याला घेऊन दूर जातो, आणि उरलेले पाच जण पाचांविरुद्ध ऐसपैस जागेत खेळतात. बचाव माणसांऐवजी जागा राखू लागला, तर एकट्याने धावून फारसे साधत नाही. तिथे जलद पास आणि एकाच जागेत दोन आक्रमक नेणे उपयोगी पडते.

हे सारे सावकाश करण्याची मुभा नाही. २०१९ च्या हंगामापासून चेंडू ताब्यात आल्यावर ८० सेकंदांच्या आत गोलावर प्रयत्न करावा लागतो. म्हणून समोरची रचना ओळखण्यातच निम्मा वेळ घालवणाऱ्या संघाला पुढे घाई करावी लागते.

या खेळात दोन माणसांचे मला विशेष वाटते. एक, आखूड काठीचा बचावपटू. प्रत्येक प्रतिस्पर्धी त्यालाच शोधत येतो, आणि तो टिकला तर प्रतिपक्षाची सारी आकडेमोड कोलमडते. दुसरा, स्वतः गोल न करता दूर जाऊन इतरांना जागा करून देणारा नामांकित खेळाडू. गोलांच्या यादीत दोघांचीही नावे नसतात. आपल्या महाविद्यालयाचा संघ कबड्डीचा असो वा हॉकीचा, निवड करताना अशा दोघांचा विचार झाला, तर एकाच खेळाडूच्या खांद्यावर सगळा सामना टाकण्याची वेळ येणार नाही.