फुप्फुसाचा दाह आणि औषधाची वेळ

दिल्लीत कोविड-१९ ची पहिली नोंद मार्च २०२० च्या आरंभी यमुनेच्या पूर्वेकडील मयूर विहार भागातून झाली. या साथीत अनेक रुग्णांचा घात विषाणूइतकाच शरीराच्या स्वतःच्या संरक्षणव्यवस्थेनेही केला. हे कसे घडते?

फुप्फुसातील वायुकोश आणि केशवाहिन्या यांच्यामध्ये अत्यंत पातळ पडदा असतो. त्यातूनच प्राणवायू रक्तात जातो. जंतू किंवा विषारी वायू तेथे पोहोचले की भक्षक पेशी रासायनिक संदेश सोडतात आणि रक्तातील श्वेतकण त्या जागी जमा होतात. ही क्रिया म्हणजे दाह होय. दाह मर्यादेत राहिला तर तो रक्षण करतो. तो अनावर झाला तर श्वेतकणांतील विकरे पडद्यालाच इजा करतात, रक्तातील द्रव वायुकोशांत झिरपतो आणि रुग्ण गुदमरू लागतो. १९६७ मध्ये अमेरिकेतील अॅशबॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ रुग्णांच्या आधारे या अवस्थेचे वर्णन केले.

ही इजा रोखणारी नवी संयुगे रसायनशास्त्रज्ञ शोधीत आहेत. हळदीतील कर्क्युमिन हे त्याचे परिचित उदाहरण होय. ते दाहाचे संदेश क्षीण करते. परंतु आतड्यातून फारसे शोषले जात नाही आणि शरीरात लवकर विघटित होते. म्हणून त्याच्या रेणूतील अस्थिर भाग बदलून अधिक टिकाऊ संयुगे तयार करण्यात आली. जंतूंच्या आवरणातील विषद्रव्य देऊन प्राण्यांच्या फुप्फुसांना इजा केली, तेव्हा त्यांपैकी काही संयुगांनी सूज कमी केली.

तथापि प्राण्यांवरील यश म्हणजे औषध नव्हे. प्रयोगात संयुग बहुधा इजेच्या आधी किंवा लगेच नंतर दिले जाते. रुग्ण मात्र दाह पेटल्यानंतरच रुग्णालयात येतो. शिवाय दाह सरसकट दडपला तर जंतूंना मोकळे रान मिळते.

वेळेचे हे महत्त्व २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत स्पष्ट झाले. तेथे १९५० च्या दशकातील डेक्सामेथासोन हे स्वस्त औषध दररोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस देण्यात आले. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांत २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र लाभ झाला नाही. अपायाची शक्यताही नाकारता आली नाही.

तेव्हा नव्या संयुगाची खरी कसोटी केवळ दाह किती शमला ही नव्हे. कोणत्या रुग्णाला, कोणत्या अवस्थेत आणि किती काळ ते द्यावे, याचे उत्तर मिळाल्यावरच संयुगाचे औषध होते.