कॉरिंथचे आखात : नकाशा आणि इंग्रजी नाव यांचा जोडपाठ

भूगोलाच्या तासाला 'कॉरिंथचे आखात' बिनचूक दाखविणारा विद्यार्थी इंग्रजीच्या तासाला 'गल्फ ऑफ कॉरिंथ इज इन ग्रीस' असे लिहितो. आरंभीचा 'द' गाळल्यामुळे त्याचे वाक्य चुकते. एकदा चूक दाखविली, की तो भीतीने 'द कॉरिंथ', 'द ग्रीस' असेही लिहू लागतो. ही त्याची बेपर्वाई नव्हे. मराठीत नामापूर्वी असा शब्द योजण्याची पद्धतच नाही. त्यामुळे तो कोठे हवा आणि कोठे नको, हे मातृभाषेच्या आधाराने त्याला उमजणे शक्य नसते. नुसता नियम घोकून घेतल्यानेही ते साधत नाही. स्थळ नकाशावर पाहावे आणि त्याचे संपूर्ण नाव त्याच वेळी कानी पडावे, हा मार्ग अधिक फलदायी होय.

स्थळाचा परिचय

प्रथम ग्रीसचा नकाशा फळ्यावर काढावा. देशाच्या दक्षिणेस पेलोपोनीज हा द्वीपकल्प आहे. तो एका अरुंद संयोगभूमीने मुख्य भूमीस जोडलेला आहे. या दोहोंच्या मध्ये पूर्व-पश्चिम पसरलेले, सुमारे १३० किलोमीटर लांबीचे पाणी म्हणजे कॉरिंथचे आखात. त्याच्या पश्चिमेस पात्रासचे आखात असून त्यापुढे आयोनियन समुद्र लागतो. दोन्ही आखातांमधील अरुंद सामुद्रधुनीवर २००४ साली २,८८० मीटर लांबीचा पूल खुला झाला.

संयोगभूमीच्या पूर्वेस सॅरोनिक आखात आहे. अथेन्सचे बंदर पिरीअस याच आखातावर वसले आहे. पूर्वी एका आखातातून दुसऱ्यात जाण्यासाठी जहाजास संपूर्ण पेलोपोनीजला वळसा घालावा लागे. रोमन सम्राट नीरो याने इसवी सन ६७ मध्ये येथे कालवा खणण्यास आरंभ केला, परंतु ते काम अपुरे राहिले. सुमारे ६.३ किलोमीटर लांबीचा आजचा कालवा १८९३ साली खुला झाला.

नावाची घडण

ग्रीक भाषेत आखातास 'कोल्पोस' म्हणतात. ऊर, कुशी, वस्त्राचा घोळ असेही या शब्दाचे अर्थ आहेत. जमिनीने कुशीत घेतलेला समुद्र, ही त्यामागील कल्पना. हाच शब्द लॅटिन, इटालियन व फ्रेंच भाषांतून रूप पालटत इंग्रजीत 'गल्फ' झाला. आपल्या 'आखात' शब्दात मात्र खणणे या अर्थाचा 'खन्' धातू आहे. एकाच जलाशयाकडे दोन भाषांनी कसे निरनिराळ्या दृष्टीने पाहिले, हे विद्यार्थ्यांस सांगितल्यास शब्द त्यांच्या स्मरणात राहतो.

'द' चा उपयोग

इंग्रजीत आखातांची नावे मुख्यतः दोन प्रकारे घडतात. 'द गल्फ ऑफ कॉरिंथ' यात 'ऑफ' ने स्थळाचे नाव जोडले आहे. 'द सॅरोनिक गल्फ' यात विशेषण आधी आले आहे. वाक्यात योजताना दोन्ही प्रकारांत आरंभी 'द' येतो. समुद्र व कालवे यांच्या नावांसही तोच प्रघात लागू आहे : 'दि आयोनियन सी', 'द कॉरिंथ कनॅल'. गावे आणि बहुतेक देश यांच्या नावांपूर्वी मात्र 'द' येत नाही : 'कॉरिंथ', 'अथेन्स', 'ग्रीस'.

हा भेद एकाच वाक्यात दाखविता येतो : 'कॉरिंथ इज ऑन द गल्फ ऑफ कॉरिंथ.' पहिले कॉरिंथ गाव आहे, म्हणून 'द' नाही. पुढे आखाताचे संपूर्ण नाव आले, म्हणून 'द' आला. गाव आखाताच्या काठी आहे, म्हणून 'ऑन'. जहाज आखाताच्या पाण्यात असेल तर 'इन'.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आखातांचा नियम उपसागरांस सरसकट लावू नये. 'द बे ऑफ बेंगॉल' म्हणतात, परंतु कॅनडातील 'हडसन बे' या नावास 'द' लागत नाही. ग्रीक भाषेत तर व्यक्तींच्या व गावांच्या नावांपूर्वीही असा शब्द योजतात. यावरून ही तर्काची बाब नसून त्या त्या भाषेची रूढी आहे, हे स्पष्ट होते.

पाठाचा क्रम

१. शिक्षकाने नकाशावर बोट ठेवून संपूर्ण नाव तीनदा स्पष्ट उच्चारावे. 'गल्फ' पूर्वी 'द' आणि स्वरापूर्वी 'दि' हा उच्चारभेद ऐकवावा.

२. एका विद्यार्थ्याने स्थळ दाखवावे व दुसऱ्याने त्याचे नाव वाक्यात सांगावे.

३. त्यानंतरच लेखन घ्यावे. 'गल्फ' व 'कॉरिंथ' यांची आद्याक्षरे मोठी, 'ऑफ' चे लहान. वाक्याच्या मध्ये आल्यास 'द' चेही लहान, हे फळ्यावर दाखवावे.

४. शेवटी परिचित नावे घ्यावीत. अरबी समुद्र, खंबायतचे आखात आणि मुंबई यांपैकी कोणत्या नावास 'द' लागेल, हे विद्यार्थ्यांनीच ठरवावे.

वह्या तपासताना केवळ 'द' गळला म्हणून संपूर्ण वाक्यावर तांबडी रेघ ओढू नये. स्थळ बरोबर असल्यास त्याचे श्रेय द्यावे, गाळलेला शब्द वर लिहून द्यावा आणि ते नाव पुन्हा मोठ्याने म्हणवून घ्यावे. ज्या विद्यार्थ्याचे बोट नकाशावर योग्य ठिकाणी पडते, त्याने अर्धे काम केलेलेच असते. उरलेले अर्धे त्याच्या कानाने व जिभेने हळूहळू पुरे करावयाचे आहे, आणि तेवढा अवधी त्यास देणे हे शिक्षकाच्या हाती आहे.