पुरात भिजलेले पेडल

प्रश्न : पुराचं पाणी घरात शिरलं, गिटारचे इफेक्ट पेडल रात्रभर गाळात होते. आता वाळलेत. लावून पाहू का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : अजिबात नको. वरून कोरडं दिसलं तरी आत ओल राहते आणि ओल्या गाळातून वीज वाहिली की बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाल्ल्या जातात. आधी बॅटरी काढा, मागचे स्क्रू खोला. बोर्ड धुवायचा म्हटलं की लोक दचकतात, पण गाळ पाण्यानेच निघतो. डिस्टिल्ड वॉटर, मऊ टूथब्रश, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते पेट घेतं, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा. मग दोन-तीन दिवस पंख्याखाली. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदूळ तेवढे फुकट जातात.

खरं दुखणं जॅक, नॉब आणि फूटस्विचमध्ये. नॉबखालच्या पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो पुन्हापुन्हा फिरवा. फूटस्विच सरळ बदला. पहिली चाचणी अडॅप्टरवर नको, साध्या नऊ व्होल्टच्या झिंक-कार्बन बॅटरीवर करा : आत शॉर्ट असला तरी ती फारसा करंट देऊ शकत नाही. जुना जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ असेल, तर मात्र जाणता कारागीर गाठा.