परसू आणि जुना बाजार : डोलवी परिसरातील घरांसाठी

पेणहून गोव्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे वडखळ नाक्यानंतर डोलवी लागते. एका अंगास धरमतरच्या खाडीला मिळणारी अंबा नदी व तिच्या काठची खार जमीन, दुसऱ्या अंगास महामार्ग, आणि गावाला लागून पोलादाचा मोठा कारखाना, अशी या गावाची ठेवण आहे. या पट्ट्यातील संसार पूर्वी पावसाळी भात, त्यामागून ओलीवर येणारा वाल, खाडीची मासळी व मिठागरे यांवर चालत. आता अनेक घरांत पाळीची नोकरी आली, भातखाचरे आटली, आणि शेती म्हणून पुष्कळांकडे घरामागचे दोन-चार गुंठ्यांचे परसू तेवढे उरले. त्यात हौसेने भाजी लावावी, पाच-दहा कोंबड्या पाळाव्या, आणि जोडीला जुन्या वस्तू घेऊन, दुरुस्त करून विकाव्या, असा क्रम काही घरांतून धरला जातो. ज्यांना तो नीट चालवावयाचा आहे, त्यांच्यासाठी व त्यांना सल्ला देणाऱ्या गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी पुढील माहिती दिली आहे.

हा व्यवहार कमी प्रतीचा मानण्याचे कारण नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण महाराष्ट्राच्या दारोदार पिढ्यान् पिढ्या हिंडत आली आहे, आणि तिच्याइतकी पारखी नजर फार थोड्या दुकानदारांस असते. कौलारू घर पाडून स्लॅबचे घर बांधले जाते तेव्हा सागवानी चौकटी, तुळया, मंगलोरी कौले व खिडक्यांचे गज निघतात. भाड्याच्या खोल्यांतील कुटुंबे बदलीमुळे गाव सोडतात तेव्हा कपाटे व खाटा मागे राहतात. घेणारेही जवळच आहेत. वडखळहून अलिबागकडे रस्ता फुटतो व त्या बाजूस बागबंगल्यांची वस्ती वाढली आहे. तेथे जुने जाते, उखळ, तांब्याचे घंगाळ यांस शोभेची वस्तू म्हणून मागणी असते. घरधन्यास जे अडगळ वाटते, ते दुसऱ्यास हवे असते.

परंतु परसबाग व जुना माल एकाच आवारात आले की एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. जुन्या वस्तूत पूर्वी काय होते व तिला काय लागले होते, हे दुकानात फारसे महत्त्वाचे नसेल. परसात मात्र ते मातीत, पाण्यात व अंड्यात उतरते. तेथून ते ताटात येण्यास वेळ लागत नाही.

खार जमीन आणि पिंपातील भाजी

खारेपाटात परसबागेची पहिली अडचण मीठ ही आहे. पावसाळ्यात क्षार धुऊन खाली जातात. दिवाळीनंतर ऊन तापू लागले की जमिनीतील पाणी बारीक छिद्रांवाटे वर चढते, उडून जाते, आणि मीठ पृष्ठभागावर पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपाने मागे राहते. माती-परीक्षणात संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक आढळली, तर ती जमीन क्षारयुक्त समजतात. भातासाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने 'पनवेल'च्या क्षार सोसणाऱ्या जाती दिल्या आहेत. भाज्यांना अशी सवलत नाही. घेवडा, गाजर, कांदा ही पिके थोड्या मिठानेही खुरटतात. बीट त्या मानाने तग धरते.

म्हणून येथे भाजी जमिनीपासून उचलून लावणे शहाणपणाचे ठरते, आणि जुन्या पिंपांचा खरा उपयोग तोच. २०० लिटरचे पिंप मधोमध कापले म्हणजे सुमारे दीड फूट खोलीच्या दोन कुंड्या होतात. तळाला बोटभर व्यासाची पाच-सहा भोके पाडावी, त्यांवर फुटक्या कौलांचे तुकडे पालथे घालावे, आणि कुंडी विटांवर ठेवावी. विटा टाळू नयेत. कुंडीचा तळ खार मातीस टेकला तर मीठ भोकांतून वर चढते. परसातील माती न भरता टेकडीकडील गोडी माती दोन भाग, कुजलेले शेणखत एक भाग व नदीची धुतलेली रेती एक भाग असे मिश्रण घ्यावे. अशा कुंडीत वांग्याची किंवा मिरचीची दोन रोपे, अथवा मेथी-पालकाचा एक ताटवा सुखाने येतो. वर पेंढ्याचे आच्छादन घातले तर उन्हाळ्यात पाणी निम्म्याने वाचल्यासारखे वाटते.

पाणीही गोडेच हवे. उन्हाळ्यात बोअरचे पाणी मचूळ झाले असेल, तर तेच रोज घालून कुंडीतील चांगली माती आपल्याच हाताने खारी होते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. म्हणजे ५० चौरस मीटरच्या छपरावर केवळ ४ मिलिमीटर पावसात २०० लिटरचे पिंप भरते. जेथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो, तेथे पाऊस कमी पडत नाही, साठवण कमी पडते. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी छप्पर धुण्यास सोडून द्यावे.

पिंपात पूर्वी काय होते?

येथेच सर्वांत मोठी सावधगिरी हवी. भंगारात स्वस्त मिळणारे निळे पिंप बहुधा काही तरी रसायन घेऊन आलेले असते. तळाशी त्रिकोणात २ हा आकडा पाहून विक्रेता 'हे चांगले प्लास्टिक' म्हणून सांगतो. तो आकडा प्लास्टिकची जात सांगतो. आत काय भरले होते ते सांगत नाही. वास येत नाही हाही पुरावा नव्हे, कारण अनेक विषांना वास नसतो. सोडा घालून तीनदा धुतले तरी प्लास्टिकच्या अंगात मुरलेले रसायन पुढे पाण्यात व मातीत हळूहळू झिरपत राहते.

बिहारमध्ये सारण जिल्ह्यातील गंडामन गावी जुलै २०१३ मध्ये शाळेतील दुपारच्या जेवणातून २३ मुले दगावली. तपासात अन्नाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले, आणि तेल पूर्वी कीटकनाशकाच्या डब्यात ठेवले गेले असावे, असे त्या वेळच्या वृत्तांतांत आले. डबा रिकामा होता म्हणून तो निरुपद्रवी ठरला नाही.

कीटकनाशकाच्या डब्यावर कोनावर उभा केलेला चौरस असतो व त्याच्या खालच्या अर्ध्या भागातील रंगावरून विषाची तीव्रता कळते : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा व हिरवा. हिरवा म्हणजे निर्धास्त, असा समज गावोगाव आढळतो. तो चुकीचा आहे. हिरवा म्हणजे त्या चारांत कमी विषारी, इतकेच. असे डबे पुन्हा वापरात येऊ नयेत, ते मोडून वस्तीपासून दूर पुरावे, असे कीटकनाशके नियम, १९७१ सांगतात. रासायनिक कारखान्यांतील दूषित रिकामी पिंपे तर घातक कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांखाली घातक कचऱ्यातच मोडतात. ती परवानाधारकाकडेच जावयास हवीत. परसातून त्यांची खरेदी-विक्री करणे हा धंदा नव्हे, गुन्ह्याला आमंत्रण आहे.

तेव्हा फळांचा रस, सरबत, खाद्यतेल, लोणच्याचे पाणी अशा पदार्थांचे मूळ लेबल ज्यावर शाबूत आहे व जे कोठून आले हे सांगता येते, तेवढेच पिंप भाजीसाठी किंवा पाण्यासाठी घ्यावे. बाकीच्यांचा गुरांच्या पाण्यासाठीही उपयोग करू नये. लोखंडी पिंप कापण्याचा प्रसंग आला तर आणखी एक धोका आहे. आत द्रावकाचा वा तेलाचा वाफारा राहिला असेल, तर गॅसच्या ज्योतीने अथवा घासयंत्राच्या ठिणगीने रिकामे पिंप स्फोटासारखे फुटते. ज्याच्या पोटात काय होते ते ठाऊक नाही, त्यास ज्योत लावू नये.

रंग, शिसे आणि कोंबड्या

जुन्या दारांचा रंग खरवडून सागवान उघडे केले की किंमत वाढते. घरगुती रंगातील शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असे बंधन २०१६ च्या नियमांनी घातले व ते २०१७ मध्ये अंमलात आले. त्यापूर्वीचा रंग शिशाचा असू शकतो, असे धरूनच चालावे. कोरडे खरवडू नये व रंग जाळू नये. दार ओले करून, ओल्या घासकागदाने, खाली जाड कापड अंथरून काम करावे व खरवड गोळा करून वेगळी बांधावी. कोंबड्या जमिनीवरचे पापुद्रे टिपतात आणि त्यातील शिसे अंड्यांत उतरते. मुलांना त्याची बाधा मोठ्यांपेक्षा लवकर होते. यास्तव रंगकामाची जागा खुराड्यापासून व वाफ्यांपासून दूर असावी. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढण्याचा उद्योग परसात मुळीच करू नये.

जुने खुराडे घेतल्यास ते उन्हात उघडे ठेवून, खरवडून, चुन्याची सफेदी देऊन मगच पक्षी आत सोडावे. फटींतील गोचिडी व मागच्या कळपाचा रोग खुराड्याबरोबर येतो. गोणपाटे उलटी करून उकळत्या पाण्यातून काढावी व कडक उन्हात वाळवावी, नाहीतर त्यांतील सोंडे घरच्या तांदळात शिरतात.

तांब्या-पितळेच्या भांड्यांत जोखीम कमी व परतावा चांगला. मोडीच्या भावाने घेतलेला हंडा घासून-पुसून, पोचे काढून विकला तर वजनापेक्षा अधिक किंमत येते. मात्र कल्हई उडालेले भांडे स्वयंपाकासाठी म्हणून विकू नये. त्यात ताक किंवा आमटी कळकते व पोटात गेल्यास ओकाऱ्या होतात. घेणाऱ्यास तसे स्पष्ट सांगावे.

नफा कोठे जातो

समजा, एक सागवानी चौकट ८०० रुपयांस घेतली. टेम्पोचे ४०० गेले, घासकागद व तेल यांस ३०० लागले, आणि आठ महिन्यांनी ती १,८०० रुपयांस विकली. हाती ३०० राहिले. तिच्यावर दोन माणसांनी दोन दिवस राबले असतील तर तो नफा नव्हे, तूट आहे. या व्यवहारात बहुधा वाहतूकच नफा खाते. म्हणून एका फेरीत भरेल इतका माल ठरल्याखेरीज वाहन करू नये. परसबागेचा व जुन्या मालाचा हिशेब एका वहीत ठेवला की एकाची तूट दुसऱ्याखाली झाकली जाते. भाजीचा खर्च व घरी खाल्लेल्या भाजीची बाजारभावाने किंमत एका वहीत, मालाची खरेदी-विक्री दुसरीत, अशी वाटणी असावी.

दिवसाचा क्रमही याच वाटणीने चालवता येतो. सकाळी उन्हापूर्वी पाणी घालणे, कोंबड्या सोडणे, अंडी उचलणे. दुपारी पडवीत बसून घासणे, पुसणे, जोडणे. संध्याकाळी हातपाय साबणाने धुऊन, कपडे बदलून मग पुन्हा वाफ्यांकडे. मालाचे काम केलेल्या हातांनी भाजी खुडू नये.

पावसाळ्यातील आवार

जेथे जुना माल पडून असतो तेथे डासांना घर मिळते. डेंग्यूचा एडिस डास टायर, डबा, पालथे न घातलेले घमेले यांतील थोड्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात व पाणी लागताच उबतात. अळीचा डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा सर्व भांडी उलटी करून घासावी. पाणी साठवण्याच्या पिंपावर घट्ट जाळीचे झाकण असावे.

लाकडांच्या व कौलांच्या राशीखाली विंचू, मण्यार, घोणस दडतात. कोकणातील लाल विंचवाचा दंश पूर्वी अनेकांचे प्राण घेई. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यावर हे मृत्यू पुष्कळ घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे, पण ते वेळेवर दवाखान्यात पोचणाऱ्यासाठी. राशी जमिनीपासून हातभर उंच फळ्यांवर रचाव्या, घराच्या भिंतीला लावू नयेत, आणि कौल उचलण्यापूर्वी काठीने हलवावे.

माल कोणाकडून घ्यावा

चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, तो घेणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१७ खाली अपराध आहे. विजेची तार, पाण्याच्या झडपा, कारखान्याचे नवेकोरे सुटे भाग कोणी रात्री स्वस्तात आणून दिले तर कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. रेल्वेच्या मालासाठी तर १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. ओळख न पटणारी जड, बंद धातूची पेटी किंवा यंत्र फोडू नये. दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात २०१० साली अशा यंत्रातील कोबाल्ट-६० च्या किरणोत्सर्गाने एकाचा मृत्यू झाला. प्रत्येक खरेदीस तारीख, विकणाऱ्याचे नाव व सही, वस्तूचे वर्णन आणि दिलेली रक्कम वहीत असावी, व शक्य तर मोबाईलवर वस्तूचे चित्र घेऊन ठेवावे.

शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणी, कोरीव खांब यांचा व्यापार १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय करता येत नाही. परसात खणताना हंडा लागला तर आनंद होणे साहजिक आहे. पण १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीच्या पुरलेल्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते. दहा रुपयांची ती मर्यादा त्या काळची आहे, म्हणजे आज जवळजवळ कोणताही हंडा तीत बसतो. तो हलवण्यापूर्वी तलाठ्यास बोलावून जागेवरच पंचनामा करून घ्यावा.