ट्रक खेळणं का दिसतो?

१९५४ साली जमशेदपूरला डाइमलर-बेंझच्या सहकार्याने टाटांचे ट्रक बनू लागले. त्यातलाच आजोबांचा एक ट्रक भंगारात गेला. उरले चार फोटो. त्यांवरून मी ब्लेंडरमध्ये मॉडेल केलं. मापं बरोबर, पण दिसायचं खेळणं!

चुका तीन निघाल्या. पहिली, कडा: खऱ्या पत्र्याची कड किंचित गोल असते. बारीक बेव्हल दिला की तिच्यावर उजेडाची रेघ उमटते. दुसरी, मेटॅलिक: उघड्या लोखंडाला १, पण रंगाला आणि गंजालाही ०. तिसरी, रफनेस सगळीकडे सारखा: हँडलपाशी हात लागून रंग गुळगुळीत होतो, टपावर उन्हाने निस्तेज. आणि मित्रांनो, गंज कुठेही फासू नका. पाणी कुठे साचेल ते आधी बघा.

रेंडर बघून आजोबा एवढंच म्हणाले, "डावा मडगार्ड चेपलेला होता रे."

तो आता चेपतोय.