घरचीं इंजिनें आणि फेऱ्यांचा हिशेब

सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या कांठापर्यंत आमच्या तळोदा तालुक्यांत इंजिन ही वस्तु आतां नवलाची राहिलेली नाहीं. विहिरीवर वीज आली तरी जुनें तेलइंजिन पुष्कळांच्या खळ्यांत पडून असतें, आणि घरांतील एखादा हुशार मुलगा त्यास कांहीं ना कांहीं जोडून पाहत असतो. ही खटपट थट्टेचा विषय नव्हे. परंतु महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां अपघाताच्या पंचनाम्यांचे जे कागद माझ्या हातून गेले, त्यांत “यंत्रांत सापडून” हे शब्द पुनःपुन्हां येत. मी कांहीं यंत्रशास्त्रज्ञ नव्हें. हिशेब मात्र आयुष्यभर केला आहे, आणि हा विषय बऱ्याच अंशीं हिशेबाचाच आहे.

नांगराचा फाळ मोडला तर तो तासांत पडतो. बैल थांबवावे, फाळ उचलावा, लोहाराकडे जावें. गरगर फिरणारी वस्तु मोडली तर ती खालीं पडत नाहीं, सुटून जाते. यवतमाळ जिल्ह्यांतील फुलसावंगी येथें ऑगस्ट २०२१ मध्यें हेंच घडलें. तेथील एका तरुण वेल्डरनें मारुती ८०० या मोटारीचें इंजिन बसवून स्वतःच्या हातांनीं हेलिकॉप्टर तयार केलें होतें. तें जमिनीवरच चालवून पाहत असतां शेपटाकडील पंख्याचें पातें तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलें, आणि त्या पंख्याचा तडाखा बसून तो तरुण प्राणास मुकला. त्याच्या कल्पकतेविषयीं मला आदरच वाटतो. दुःख याचें कीं, चाचणीच्या वेळीं चालविणारा स्वतःच पंख्याच्या टप्प्यांत होता.

ज्याच्या नांवानें आपण तेल मागतों त्या रुडॉल्फ डीझेलवरहि असा प्रसंग आला होता. तो शिकलेला इंजिनियर. जर्मनींतील ऑग्सबर्ग येथील मोठा कारखाना त्याच्या पाठीशीं. तरी ऑगस्ट १८९३ मध्यें त्याच्या पहिल्या इंजिनांत पहिला भडका उडतांच दाब मोजण्याचें उपकरण फुटलें, आणि डीझेल थोडक्यांत वांचला. पुढें कामास योग्य असें इंजिन उभें करावयास त्यास १८९७ साल उजाडलें.

आतां आपल्या खळ्यांतील इंजिनाकडे वळूं. जुन्या मंदगति इंजिनाचें बिडाचें व्हील २ फूट व्यासाचें आणि फेरे मिनिटास ६५० असे धरा. परीघ सव्वासहा फुटांहून किंचित अधिक, म्हणजे व्हीलची कड मिनिटास सुमारें ४,०८० फूट धांवते. ताशीं ७५ किलोमीटर. बिडाची कड मिनिटास १ मैल, म्हणजे ५,२८० फूट, याहून अधिक धांवूं देऊं नये असा जुन्या यंत्रकारांचा दंडक होता. आपल्या व्हीलच्या बाबतींत तो ८४० फेऱ्यांस पुरा होतो. शिवाय फेरे दुप्पट झाले असतां व्हील फाडूं पाहणारा जोर दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. बीड दाब पुष्कळ सोसतें, ताण थोडा; आणि मोडण्यापूर्वीं वांकून सूचनाहि देत नाहीं. वेग आवरून धरणें हें गव्हर्नरचें काम. त्याची स्प्रिंग बदलून वेग वाढविणें म्हणजे सातबाऱ्यावरील क्षेत्र खोडून मोठें लिहिणें होय. जमीन तेवढीच राहते.

माझ्या एका चुलतभावानें हेंच केलें. हरभऱ्याची मळणी, वर आभाळ भरून आलेलें, आणि मळणीयंत्र मंद चालतें म्हणून आम्ही सर्व कुरकुरत होतों. “थोडा वाढव रे,” म्हणणारांत मीहि होतों. त्यानें जुनी स्प्रिंग काढून दुसरी घट्ट बसविली. दोन पोतीं निघालीं असतील. आवाज बदलला, पट्टा उडाला, आणि भार सुटतांच इंजिन आणखी भडकलें. व्हीलचा एक तुकडा पत्र्याची भिंत फोडून शेजारच्या शेतांत गेला. मजूर बाया चहासाठीं निंबाखालीं गेल्या होत्या, म्हणून पंचनामा लिहावा लागला नाहीं. मागून तुकडे जुळवून पाहतां मध्याजवळची भेग आंतून काळी पडलेली दिसली, म्हणजे ती फार पूर्वींची होती. व्हीलची चावी घणानें ठोकतांना कधीं तरी पडली असावी.

तेलइंजिनास ठिणगी लागत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. हवेच्या फिल्टरांत तेल अधिक भरलें किंवा पिस्टनचीं रिंगें झिजलीं, तर तें वंगणाचें तेलच जाळूं लागतें. मग डिझेल बंद करूनहि तें थांबत नाहीं, वेग वाढतच जातो. अशा वेळीं हवेचें तोंड जाड फळीनें बंद करावें. हाताचा तळवा कधींहि लावूं नये, आणि व्हीलच्या रेषेंत उभें राहूं नये. तेथपर्यंत सुखरूप पोहोंचतां येत नसेल तर सर्वांस घेऊन दूर निघून जावें. इंजिन पुन्हां विकत मिळतें.

नोझलची धार बोटावर घेऊन पाहण्याची खोड मुलांस असते. ती धार कातडी भेदून आंत शिरते. वर टाचणीएवढें छिद्र दिसतें, आणि आंत डिझेल पसरून बोट गमावण्याची पाळी येते. दुखत नसलें तरी तत्काळ मोठ्या इस्पितळांत जावें, व डिझेल आंत गेल्याचें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें.

मला सर्वांत भय वाटतें तें विहिरीचें. वर ठेवलेला पंप साधारण ७ मीटरहून खोल पाणी खेचीत नाहीं. म्हणून उन्हाळ्यांत पाणी उतरलें कीं इंजिनच विहिरींत माचीवर उतरविण्याची युक्ति निघते, आणि धूर वर काढण्यास घरचाच नळ जोडतात. सांध्यांतून धूर गळतो. त्यांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. एक जण पडतो, त्यास काढावयास दुसरा उतरतो, तोहि पडतो. दिवा सोडून पाहण्याची वडिलोपार्जित रीत येथें फसवी ठरते. प्राणवायु कमी असेल तर दिवा विझतो; परंतु माणसाचा जीव घेण्याइतका हा वायु हवेंत असला तरी दिवा खुशाल जळत राहतो. इंजिन वरच ठेवावें, आणि पाणी खोल असेल तर विजेची पाणबुडी मोटर भाड्यानें आणावी. विहिरींत इंजिन चाललेंच असेल, तर तें बंद झाल्यावरहि पंख्यानें ताजी हवा पुष्कळ वेळ आंत सोडल्याखेरीज कोणास उतरूं देऊं नये. आणि जो उतरेल त्याच्या कमरेस दोर असावा, व दोराचें दुसरें टोंक वर उभ्या असलेल्या माणसांच्या हातीं असावें.